आधी पाटी, मग बोधचिन्ह: गावातल्या सरकारी शाळेला चेहरा देताना

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा हमरस्त्यापासून जेमतेम तीस पावलांवर आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात भाड्याने आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "ही शाळा चालू आहे की बंद पडली?" त्या आठ महिने तिथं राहत होत्या आणि त्यांचा मुलगा रोज सकाळी बसने म्हापशाला जात होता. मला आधी राग आला. मग फाटकाशी जाऊन पाहिलं आणि राग गिळावा लागला. पत्र्याच्या पाटीवरची अक्षरं गंजाने खाल्लेली होती. फाटकाला दोन वर्षांपूर्वीच्या क्रिकेट स्पर्धेचा फ्लेक्स होता आणि त्यावरच्या प्रमुख पाहुण्यांचा चेहरा उन्हाने निळा पडला होता. आत त्याच वेळी पोरं मोठ्याने पाढे म्हणत होती.

म्हापशाला माझं छपाईचं लहान दुकान आहे. मुलगी त्याच शाळेत शिकत होती. त्यामुळे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं: तुझं कामच हे, तू कर. मी केलं, पण अर्धं काम दोनदा केलं. ग्राहकाची जाहिरात करणं आणि सरकारी शाळेला चेहरा देणं यात फरक असतो, हे कळायला मला एक पावसाळा लागला. आज पुन्हा करायचं झालं तर ज्या क्रमाने करीन, तो क्रम खाली देतो.

एक आधीच सांगतो. छप्पर गळत असेल, संडासाला पाणी नसेल, तर आधी त्यामागे लागा. गळक्या वर्गाबाहेर चकचकीत बोधचिन्ह लावलं की गाव हसतं, आणि त्याचं हसणं बरोबर असतं.

हाताशी काय लागेल:

• शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव, पालक-शिक्षक संघाचाही असला तर उत्तम
• भागशिक्षणाधिकारी कार्यालयाला दिलेल्या पत्राची पोच
• शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक (गोव्यातला असेल तर ३० ने सुरू होतो)
• मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींचं जुनं जनरल रजिस्टर, स्थापना वर्षासाठी
• मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती
• मोजायची टेप, बरा मोबाइल, एक पेन ड्राइव्ह
• संगणकावर इंकस्केप हा चित्रं-अक्षरं मांडायचा प्रोग्रॅम. ते फुकट मिळतं आणि बोधचिन्हाला पुरतं. पत्रकं, आमंत्रणं वगैरेंसाठी कॅनव्हा चालेल. शिक्षकांना त्याची शिक्षणासाठीची आवृत्ती मोफत मिळते.

१. आधी रस्त्यावर उभे राहा

शाळेत जाऊ नका. समोरच्या रस्त्यावर, बसथांब्यावर, स्कूटरवरून जाताना माणसाची नजर जिथून पडते तिथं उभे राहा आणि फोटो काढा. एक सकाळी, एक भर दुपारी, जमल्यास एक पावसात. मग फाटकातून दारापर्यंत चालत जा आणि वाटेत जे जे लिहिलेलं दिसेल त्याचा फोटो घ्या: जुने फ्लेक्स, तंबाखूबंदीची सूचना, आहाराचा तक्ता, कोणत्या तरी योजनेचा स्टिकर, भिंतीवरचे सुविचार.

आमच्याकडे असे एकवीस फोटो निघाले. ते बैठकीत पडद्यावर दाखवले तेव्हा कोणी काही बोललं नाही. काय काय काढून टाकायचं त्याची यादी मात्र दहा मिनिटांत झाली. आमच्या शाळेचं रूप सुधारलं त्यातला निम्मा भाग हा नुसता काढून टाकण्याचा होता आणि त्याला एक पैसा लागला नाही.

२. नाव एकच करा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे टाळतात. शाळेचं नाव कुठे कुठे कसं लिहिलंय ते एका कागदावर उतरवा: पाटी, रबरी शिक्का, यू-डायस, दाखले, विजेचं बिल, पालकांचा व्हॉट्सॲप गट. आमच्या शाळेची पाच नावं निघाली. कुठे 'विद्यालय', कुठे 'शाळा', कुठे वाड्याचं नाव, कुठे गावाचं.

यू-डायसवर जे नाव आहे ते अधिकृत धरा आणि बाकी सगळीकडे अक्षरशः तेच ठेवा. नाव बदलायचा मोह होतो. 'सरकारी' हा शब्द काढू या, असं आमच्याकडेही एकाने सुचवलं. काढू नका. शाळेचं नाव बदलणं तुमच्या-माझ्या हातातलं नाही. आणि तो शब्द लपवायला लागलो की आपल्यालाच त्याची लाज वाटते हे लोकांना दिसतं.

गोव्यात आणखी एक भानगड आहे. आपल्या गावांना दोन-दोन रूपं असतात. आपण डिचोली म्हणतो, रोमी लिपीत बिचोलिम लिहितात. साखळीचं सांक्वेलिम, पेडण्याचं पेर्नेम, केप्याचं क्वेपेम. बाहेरून आलेला माणूस मोबाइलवर रोमीतलं नाव शोधतो आणि तुमची पाटी फक्त देवनागरीत असते. म्हणून पाटीवर वर मोठं मराठी नाव आणि खाली लहान अक्षरात रोमी लिपीतलं, सरकारी नोंदीतल्या स्पेलिंगचं नाव ठेवा. दोन्ही लागतात.

स्थापना वर्ष लिहायचं असेल तर जनरल रजिस्टर उघडा. गोवा मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ ला पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आल्यावर, गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यामुळे सगळेच अंदाजाने '१९६३' ठोकून देतात. काही शाळा त्याआधी देवळाच्या अग्रशाळेत (भक्तनिवासात) किंवा कोणाच्या तरी बाल्कनीत भरत होत्या, काही बऱ्याच नंतरच्या. रजिस्टरातली पहिली नोंद पाहा आणि तेच वर्ष लिहा.

३. ठराव, पत्र आणि पैसे

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे ठराव करायला कोणाच्या दारात जायला नको. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: काय बदलणार, पैसा कुठून येणार, आणि इमारतीला हात लागणार की नाही. मग मुख्याध्यापकांच्या सहीने भागशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी 'करा, करा' पुरत नाही. साहेबांची बदली झाली की तो होकारही त्यांच्याबरोबर जातो.

इमारत नवी असेल तर आणखी एक चौकशी करा: ठेकेदाराची हमीची मुदत संपलीय का? त्या मुदतीत तुम्ही भिंतीला ड्रिल मारलं आणि पुढे तिथं ओल आली, तर तो बोट तुमच्याकडे दाखवणार.

पैशाचं थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेखाली शाळांना पटाप्रमाणे वार्षिक एकत्रित अनुदान ठरलेलं आहे: ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. यातूनच खडू, दुरुस्ती, किरकोळ सगळं भागवायचं असतं, तेव्हा रंगरंगोटीला फार उरत नाही. आमचं काम माजी विद्यार्थी आणि वाड्यावरच्या दोन-तीन घरांनी दिलेल्या वर्गणीतून झालं.

सापळा: देणगीदाराचा फोटो. पाटी देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण पाटीच्या एका बाजूला त्यांचा हसरा चेहरा हवा असतो. तो राजकीय माणूस असला तर निवडणुकीची आचारसंहिता लागताच तुमची नवी पाटी कागदाने झाकली जाईल. ठरावातच लिहून ठेवा की देणगीदारांची नावं आतल्या व्हरांड्यात एका लहान फलकावर, सगळ्यांची सारख्या अक्षरात येतील. मग नाही म्हणायला तुम्हाला कागदाचा आधार राहतो.

४. अक्षर

या पायरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पोट त्यावर चालतं आणि माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच.

शाळेच्या पाटीला, पत्रकाला, सूचनेला एकच फाँट घ्या. फार तर दोन. एक ठळक, मथळ्यांना. एक साधा, मजकुराला. एकटाइप या भारतीय गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत मिळतात आणि छापायला त्यांना परवान्याची कटकट नाही. बालू गोलसर आहे, लहान मुलांच्या शाळेला शोभतो. मुक्ता अगदी सरळ वाचला जातो. मराठी वळणाचा पुस्तकी फाँट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी पाहा. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. पहिलीतलं मूल वर्गात जो 'श' गिरवतं तोच त्याला पाटीवर दिसला पाहिजे. प्राथमिक शाळेत ही चैन नाही, गरज आहे.

आता छापखान्याची गोष्ट. गोव्यातल्या बऱ्याच फ्लेक्सवाल्यांकडे, माझ्याकडेही, कोरलड्रॉ हा प्रोग्रॅम आणि श्रीलिपीसारखे जुने फाँट असतात. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो तिकडे जसाच्या तसा उतरत नाही, म्हणून तिथला मुलगा तो पुन्हा टाइप करतो, आणि तिथंच घात होतो. ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, 'दुसऱ्या'मधला अर्धा र गळतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

उपाय असा: मजकूर तुम्हीच इंकस्केपमध्ये मांडा, अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा (छापखान्यात याला 'कर्व्ह करणं' म्हणतात) आणि पीडीएफ द्या. मग कोणाच्याही संगणकावर काही बदलत नाही. पण रूपांतर करण्याआधीची प्रतही जपून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी एक काना बदलायलाही सगळं नव्याने टाइप करावं लागेल.

फाँट नीट चालतो का हे पाहायला माझं एक वाक्य ठरलेलं आहे: 'दुसऱ्या इयत्तेतल्या विद्यार्थ्यांच्या ॲडमिशनसाठी श्रीमती बाईंकडे ऱ्हस्व-दीर्घ तपासून अर्ज द्यावा.' याला अर्थ फार नाही, पण मोडणारी सगळी अक्षरं त्यात येतात.

एवढं शहाणपण असूनही आमची पहिली पाटी मीच 'विद्यलय' अशी छापली. काना खाल्ला. चार जणांनी पाहून ठीक म्हटलं होतं, कारण आपल्याला काय लिहिलेलं असणार ते माहीत असतं आणि आपण तेच वाचतो. टीचरनी दुसऱ्या दिवशी तिसरी-चौथीच्या मुलांना फाटकाशी नेऊन 'चूक शोधा' हा तास घेतला. माझी मुलगी त्यात होती. तेव्हापासून मी मुद्रितं एकेक अक्षर सुटं वाचणाऱ्या माणसाला दाखवतो. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल यात पदवीधरापेक्षा भरवशाचं.

अक्षराची उंची: वाचणारा जितका दूर, दर ३ मीटरला अक्षर निदान २५ मिलिमीटर उंच हवं. आमचा रस्ता साधारण २० मीटरवर, म्हणजे अक्षर १७ सेंटिमीटर. ही उंची शिरोरेषेपासून खालची मोजा. वरच्या मात्रा-वेलांट्यांना आणि खालच्या उकारांना जागा वेगळी सोडा. रोमी अक्षरांच्या हिशेबाने पाटी केली की 'प्राथमिक'ची वेलांटी चौकटीला घासते.

सापळा: बोधचिन्ह किंवा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो दाबून लहान होतो आणि फ्लेक्सवर धुरकट येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

५. बोधचिन्ह लहान ठेवा

बोधचिन्ह म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र येतं: उघडं पुस्तक, त्यावर समई, मागे उगवता सूर्य, खाली संस्कृत वचन. वाईट नाही, पण अशी शंभर शाळांची आहेत. त्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा: शाळेचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे काय येतं? आमच्याकडे आजोबांपासून पोरांपर्यंत एकच उत्तर आलं: घंटेऐवजी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तोच घेतला. तुमच्याकडे वड असेल, पिंपळाचा पार असेल, तळी असेल, चिरेबंदी पायऱ्या असतील. चित्र मुलांकडून काढून घ्या आणि त्यातल्या एखाद्याची रेषा धरून नीट आकार करा. मदतीला कोणी नसेल तर पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. तिथल्या उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना अशी खरी कामं हवीच असतात. मुख्याध्यापकांच्या सहीचं रीतसर पत्र घेऊन जा.

मग तीन परीक्षा घ्या. एकाच रंगात ओळखू येतं का? २ सेंटिमीटरच्या रबरी शिक्क्यात शाईने भरून जात नाही ना? झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर उरतं काय? शाळेचं निम्मं आयुष्य झेरॉक्सवर जातं, तेव्हा ही तिसरी परीक्षा सोडू नका.

काय टाळायचं:

• अशोकस्तंभाचे सिंह. राष्ट्रचिन्हाच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्य सरकारचं चिन्हही आपल्या बोधचिन्हात मिसळू नका.
• निवडणूक चिन्हं. कमळ, हात, झाडू सगळ्यांच्या लक्षात येतात. पण गोव्यात सिंह, नारळ आणि फुटबॉल हीसुद्धा पक्षांची चिन्हं आहेत! आमच्या पहिल्या कच्च्या चित्रात माडाखाली फुटबॉल खेळणारी मुलं होती. पंचायतीच्या एका पंचाने हसत हसत दाखवून दिलं.
• मारियो मिरांडांची माणसं. गोव्यात भिंत दिसली की कोणाला तरी मारियोसारखं काढावंसं वाटतं. त्यांचं निधन २०११ साली झालं, आणि आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. मिकी माउस आणि छोटा भीम यांनाही मालक आहेत, जरी निम्म्या बालवाड्यांच्या भिंतींवर ते नांदत असले तरी.

६. रंग आणि भिंत

दोन रंग ठरवा, तिसरा पांढरा. आम्ही चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तांबडा घेतला. त्यामागे एक कारण दिसायचं होतं आणि एक धुण्याचं. दिसायचं असं की आपल्याकडच्या जुन्या देवळांत कावीकाम असतं: पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीच्या रंगाची नक्षी. ते लाल-पांढरं इथल्या डोळ्याला ओळखीचं आहे. धुण्याचं असं की पहिल्या पावसात जमिनीवरची तांबडी माती उडून भिंतीला दोन-अडीच फुटांपर्यंत शिंतोडे बसतात. तिथं आकाशी किंवा पिस्ता रंग दिला तर जुलैत शाळा वर्षानुवर्षं बेवारस असल्यासारखी दिसते. खालचा तीन फुटांचा पट्टाच तांबडा केला, की चिखल दिसतच नाही.

रंगाच्या दुकानात मिळालेला शेड क्रमांक वहीत चिकटवा. 'तोच तांबडा द्या' म्हणून दोन वर्षांनी गेलात तर तो कधीच मिळत नाही.

काम कधी? दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर, मेच्या मध्यापर्यंत. गणेश चवथीच्या सुट्टीत पोरं घरी असतात म्हणून तेव्हा रंगवून घेऊ, असं कोणी म्हणालं तर हात जोडा; भिंत तेव्हा ओलीच असते आणि डिसेंबरपर्यंत पापुद्रे सुटतात. शेवाळ आलेल्या भिंती आधी घासून धुवायच्या, वाळू द्यायच्या, मग बुरशीरोधक प्रायमर. नव्या गिलाव्याला महिनाभर तरी हात लावू नका.

भिंतीवर काय काढायचं? सुविचार कमी करा, उपयोगाच्या गोष्टी वाढवा. इमारतच शिकवण्याचं साधन व्हावी असा 'बाला' नावाचा विचार आपल्या देशात बऱ्याच वर्षांपासून आहे. दार उघडतं तिथं जमिनीवर कोनमापक, पायऱ्यांवर अंक, खांबावर उंची मोजायची पट्टी. आमच्या उंचीच्या पट्टीपाशी पालक थांबतात, मुलाला उभं करतात, आणि बोलायला सुरुवात होते. व्हरांड्यात आम्ही तालुक्याचा नकाशा काढला. पेंटरने त्यात आमचा गाव नदीच्या पलीकडे टाकला होता, तो पुसून पुन्हा काढावा लागला. म्हणून नकाशा काढायच्या दिवशी कोणीतरी जाणतं माणूस तिथं बसवा.

७. फाटक

फाटकावर एकच पाटी. कायद्याने किंवा योजनेने लावाव्या लागणाऱ्या सूचना, म्हणजे १०० यार्डांच्या आत तंबाखू विक्रीला बंदी, बालकांसाठीची १०९८ हेल्पलाइन, आहाराचा तक्ता, या सगळ्या आत एका लांब चौकटीत, सारख्या आकाराच्या पत्र्यांवर. त्या काढून टाकू नका, फक्त ओळीत आणा.

फ्लेक्स कायमच्या पाटीला वापरू नका. मीच विकतो म्हणून सांगतो: आपल्या उन्हापावसात तो एक-दोन वर्षांत फिका पडतो, वाऱ्याने फाटतो, आणि फाटका फ्लेक्स नसलेल्या पाटीपेक्षा वाईट. पत्र्यावर हाताने रंगवलेली पाटी स्वस्त पडते आणि टिकते. गावातला पेंटर अजून असेल तर त्याला काम द्या, फक्त अक्षरांचा छापील नमुना हातात ठेवा. किनाऱ्याजवळ असाल तर स्क्रू स्टीलचेच घ्या, खारा वारा साधे स्क्रू वर्षात खातो.

रस्त्याच्या वळणावर दिशादर्शक फलक हवा असेल तर पंचायतीचा परवाना घ्या, आणि रस्ता कोणत्या खात्याचा आहे तेही विचारा. विनापरवाना फलक कोणी ना कोणी एक दिवस उचलून नेतोच.

८. पत्रक: जे विचारतात तेच सांगा

मार्च-एप्रिलमध्ये पालक ठरवत असतात. त्याआधी एका कागदाच्या दोन बाजूंवर मावेल एवढं पत्रक तयार ठेवा. आम्ही आधी पाच घरी जाऊन विचारलं की शाळेबद्दल काय जाणून घ्यायचंय. प्रश्न असे आले: शिक्षक किती? इंग्रजी कसं शिकवता? आहारात काय देता? मूल किती वाजता सुटतं? चौथीनंतर पुढे कुठे? संडास स्वच्छ आहे का? 'संस्कारक्षम वातावरण' कोणी विचारलं नव्हतं. ते आमच्या पहिल्या मसुद्यात सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं.

इंग्रजीच्या प्रश्नावर गोलगोल बोलू नका. माध्यम मराठी आहे हे ठळक लिहा, आठवड्याला इंग्रजीचे तास किती ते लिहा, आणि वर्ग पाहायला या म्हणून एक दिवस द्या. आमच्या टीचरनी शनिवार दिला. तीन पालक आले, पैकी एक आजी दोन तास बसून राहिल्या.

जे नाही ते लिहू नका. 'बालरथ' योजनेच्या बसगाड्या असलेल्या अनुदानित शाळांकडे पाहून आपणही 'वाहतुकीची सोय' लिहून टाकतो आणि जूनमध्ये तोंड लपवावं लागतं.

भाषेचं आणखी एक. गावातल्या बऱ्याच सरकारी शाळांत आज कामानिमित्त आलेल्या कुटुंबांची मुलं असतात, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी. पत्रकाच्या मागे चार ओळी कन्नडमध्ये आणि चार हिंदीत टाका. भाषांतर त्या भाषेच्या माणसाकडूनच करून घ्या, मोबाइलकडून नको.

पत्रक वाटायची पहिली जागा अंगणवाडी, कारण पुढच्या वर्षांची पहिली तिथंच बसलेली असते. मग नाक्यावरचं दुकान, पंचायतीचा सूचना फलक, महिला मंडळाचं हळदीकुंकू. समितीवरच्या बायकांनी घरोघरी नेलेल्या पत्रकांचं जे झालं, ते मी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या चित्राचं झालं नाही.

९. फोटो

परदेशी मुलांचे इंटरनेटवरचे फोटो वापरू नका. आमच्या शाळेच्या पत्रकावर सोनेरी केसांचं मूल पाहून लोकांना काय वाटेल? सकाळी व्हरांड्यात, दाराकडून उजेड येतो तिथं, मुलं काही करत असताना फोटो काढा. रांगेत उभी करून नको.

पालकांची लेखी संमती आधी. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि गोव्याचा स्वतःचा बालकांविषयीचा कायदाही २००३ पासून आहे. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, वर्ग, वाडा असं सगळं एकत्र छापू नका. एखाद्या पालकाने नाही म्हटलं तर कारण विचारू नका. त्या मुलाला फोटोबाहेर ठेवताना त्याला तसं जाणवू देऊ नका, एवढं मात्र पाहा.

१०. मोबाइलवरचा नकाशा

पाटी लावून महिना झाल्यावर कळलं की मोबाइलवरच्या एका नकाशात आमची शाळा 'कायमची बंद' दिसत होती, आणि खूण शेजारच्या काजूच्या भाटात (बागेत) होती. दुरुस्ती सुचवायला दहा मिनिटं लागतात, मान्य व्हायला काही दिवस. खूण फाटकावर आणा, नाव यू-डायसप्रमाणे करा, नव्या पाटीचा फोटो टाका, शाळेची वेळ लिहा.

शाळेच्या नावाने एक ईमेल खातं उघडा आणि सगळं त्यावरूनच करा. कोणा शिक्षकाच्या वैयक्तिक फोनवरून केलं तर बदलीबरोबर ते खातं दुसऱ्या तालुक्यात जातं.

११. कपाटातली फाइल

हे सगळं झाल्यावर एक पेन ड्राइव्ह आणि एक कागदी फाइल करा. आत बोधचिन्ह एसव्हीजी आणि पीडीएफमध्ये, फाँट, पाटीची मापं, रंगांचे शेड क्रमांक, पत्रकाचा बदलता येणारा मसुदा, ईमेलचा पासवर्ड बंद पाकिटात, पेंटरचा फोन, ठरावाची प्रत. मुख्याध्यापक चार्ज देतात त्या यादीत या फाइलची नोंद करून घ्या, म्हणजे ती सरकारी वस्तू होते आणि हरवत नाही.

जूनमध्ये पहिलीत मूल घालायला आलेल्या प्रत्येक पालकाला 'शाळेबद्दल कुठून कळलं?' हे विचारून रजिस्टराशेजारच्या वहीत लिहा. आमचा पट पहिल्या जूनला वाढला नाही. दुसऱ्या जूनला चार मुलं जास्त आली. त्यातल्या दोघांनी अंगणवाडी सांगितली, एकाने 'आमची आजी येऊन बसली होती', आणि एकाने पाटी. भाड्याने राहणाऱ्या त्या बाईंचा धाकटा त्या चौघांत होता.

दर ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की, पुन्हा एकदा रस्त्यावर उभे राहून पहिल्या पायरीतले फोटो काढा आणि याच फाइलमध्ये ठेवा. यंदाच्या फोटोत आमच्या 'प्राथमिक'मधल्या 'प्रा'चा काना खालून गंजायला लागलेला दिसतोय. पेंटरला डिसेंबरचं सांगून ठेवलंय.